तांबखड्याची शेवटची ओळ

“तो पेढ्यांचा डबा राहिला,” सुनीतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

“राहू दे.”

“अडतीस वर्षं माळ्यावर ती गुंडाळी आणि तो डबा शेजारी शेजारी आहेत. आज गुंडाळी एकटीच निघाली. बिनसलंय का दोघांचं?”

गोपाळकृष्ण उकिडवे कागदाची एक लांब गुंडाळी जुन्या छत्रीच्या कव्हरात बसवत होते. कव्हर आखूड आणि गुंडाळी लांब, त्यामुळे वरून वीतभर कागद उघडा राहत होता. त्यावर त्यांनी दुधाची रिकामी पिशवी उलटी चढवली, रबर लावले आणि हात लांब करून कौतुकाने पाहिले. वारज्याच्या त्या दोन खोल्यांत कौतुकाने पाहावे अशा वस्तू फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या बहुतेक दुधाच्या पिशव्यांतच होत्या.

उकिडवे मास्तर एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. शाळेत शिकवायचा तो इतिहास आणि खरा इतिहास यांची एकमेकांशी ओळख नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून खरा इतिहास ते रविवारी करत. पहाटे स्वारगेट गाठायचे, एसटी जिथवर नेईल तिथवर जायचे, पुढे पायी, आणि परतीची शेवटची गाडी धरून घरी जेवायला. मुक्काम हा शब्द त्यांच्या प्रवासात नव्हता, कारण तो त्यांच्या पगारात नव्हता. शिदोरीला दशम्या आणि लसणाची चटणी, पाण्याला खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली. नावाजलेल्या ठिकाणी ते फिरकत नसत. किल्ले आणि लेणी यांना माणसांची काय कमी, असे ते म्हणत. त्यांना हवा असे तो उकिरड्याकडेला उपडा पडलेला वीरगळ, नाही तर चावडीच्या पायरीत चिणलेला एखादा लेख. असल्या दगडांपुढे बसून बसून त्यांचे गुडघे गेले. आडनावाने आधीच सूचना दिली होती, असे सुनीतीबाईंचे म्हणणे.

“सगळा महाराष्ट्र पाहिलात,” त्या अधूनमधून म्हणत, “मला महाबळेश्वर काही दाखवलं नाहीत.”

“महाबळेश्वर सगळ्यांनी पाहिलंय.”

“मी नाही पाहिलेलं.”

यावर मास्तर पेपर वाचू लागत.

एवढ्या पायपिटीचे फळ म्हणजे एका त्रैमासिकात आलेली त्यांची टिपणे. मोठ्या लोकांचा लेख संपल्यावर पानाच्या तळाशी चार बोटे जागा उरली, तर तिथे उकिडवे. जागा उरली नाही तर पुढच्या अंकी. असे करता करता वय शहात्तर झाले, आणि परवा कुणीतरी मोबाइलवर एक निमंत्रण ढकलले. जिज्ञासू सभेत व्याख्यान. विषय, ‘तांबखडे येथील बारवेचा शिलालेख : एक नवा शोध’. वक्ते, श्री. योगेश इंगोले, हिंजवडी.

“नवा म्हणे,” मास्तर तीन दिवस तेवढे एकच वाक्य बोलत होते.

कारण छत्रीच्या कव्हरात जी गुंडाळी होती, ती त्याच शिलालेखाचा ठसा होती. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. दगड काळा उमटतो, अक्षरे पांढरी राहतात. कोपऱ्यात मास्तरांच्या हस्ताक्षरात तारीख होती, मार्च १९८७, आणि खाली साक्षीदार म्हणून बापूराव खोमणे, राहणार तांबखडे, याची वळणदार सही. याहून मोठा पुरावा सभेच्या अध्यक्षांकडे स्वतःच्या जन्माचासुद्धा नसेल.

“नुसतं ऐकून येणार आहात, का बोलणार आहात?” सुनीतीबाईंनी विचारले.

“बोलणार आहे. उभा राहीन, कागद उलगडीन, तारीख दाखवीन आणि बसेन.”

“आणि डबा?”

“डब्याचं तिथं काही काम नाही,” मास्तर म्हणाले आणि चपला घालू लागले.

डब्यात काय आहे ते सुनीतीबाईंनी कधी उघडून पाहिले नव्हते. नवऱ्याच्या दगडांत तोंड घालायचे नाही, हा त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात केलेला निश्चय. वाचकांनी असला काही निश्चय केलेला नाही, तेव्हा त्यांना सांगायला हरकत नाही.

सत्याऐंशीच्या मार्चातल्या त्या रविवारी मास्तर तांबखड्यात उतरले ते दौंडच्या पलीकडच्या उन्हात. गावात एक पडझडीची बारव आहे आणि तिच्या भिंतीत अक्षरांचा दगड आहे, एवढे त्यांना एका बदलून आलेल्या तलाठ्याने सांगितले होते. बारव खोमण्यांच्या शेतात निघाली. खोमण्यांचा मुलगा बापूराव बाविशीचा, दाखवायला संगतीला आला. त्याच्या आईने, विमलाबाईंनी, पाहुण्याच्या दशम्या फडक्यातून नुसत्या बघितल्या आणि परत बांधून ठेवल्या. “ह्या वाटंत खा,” म्हणून तिने पुढ्यात गरम भाकरी आणि ठेचा ठेवला.

पायऱ्या उतरून गेले की पाण्याच्या वर हातभर तो दगड. आठ ओळी. मास्तरांनी दाढीचा आरसा बापूरावाच्या हातात दिला आणि वरच्या पायरीवर उभे राहून उन्हाचा कवडसा तिरका पाडायला सांगितले. तिरप्या उजेडात पुसट अक्षरेही उठून दिसतात. सात ओळींत राजा होता, राजाचा अधिकारी होता, अधिकाऱ्याच्या पदव्या होत्या. आठव्या ओळीवर चुन्याचा जुना थर बसला होता, पण कवडसा पडला आणि तीही वाचता आली. ही बारव बांधली लखाइसा हिने, तेल्याच्या लेकीने. सातशे वर्षांपूर्वीच्या दगडावर एका तेलिणीचे नाव. सात ओळी मोठ्यांना वाटून झाल्यावर, जिने खरोखर खर्च केला तिला तळाशी चार बोटे जागा.

मास्तरांना त्या बाईविषयी एकदम घरच्यासारखे वाटले.

नाव वाचता आले, पण चुन्यामुळे ते ठशात उतरले नसते. खरी रीत अशी की त्यावर ओले फडके ठेवायचे, दोन-तीन तास चुना भिजू द्यायचा आणि मग बांबूच्या काडीने हळूहळू काढायचा. पण तोवर तीन वाजत आले होते आणि परतीची गाडी होती चार-पंधराची. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी सकाळी. सोमवारी पहिला तास आठवी ‘ब’ आणि मुख्याध्यापक दारात घड्याळ घेऊन उभे. मास्तरांच्या पिशवीत सायकलचा गंज काढायचा तारेचा ब्रश होता. त्यांनी तो काढला आणि चुन्यावरून फिरवला. एकदा, दोनदा. सहाव्या की सातव्या हाताला चुना सुटला, आणि त्याच्यासकट पोपडे धरलेल्या दगडाचे साल सुटले. पायरीवर भुगा पडला. हातात राहिली बिस्किटाएवढी एक खपली, तिच्यावर नावाची पहिली दोन अक्षरे.

“मास्तर, तुटलं का काय?” वरून बापूरावने विचारले.

“नाही,” मास्तर म्हणाले. “साफ झालं.”

मग त्यांनी ठसा घेतला. सात ओळी झकास उठल्या. आठवी कोरी काळी. त्यांनी बापूरावची सही घेतली, धावत चार-पंधराची पकडली, आरसा तिथेच राहिला. आठव्या ओळीचे वाचन वहीत होते, पण असल्या वाचनाला पुण्यात कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न येणार, ठशात का नाही? आणि त्याचे उत्तर पेढ्यांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेले. म्हणून आयुष्यातला सगळ्यांत मोठा शोध मास्तरांनी छापला नाही. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा लिहू. अशा अडतीस दिवाळ्या झाल्या. आता कोणी हिंजवडीचा मुलगा तो ‘नवा’ म्हणून लावत होता. आठव्या ओळीचे कोणी काढलेच, तर ‘मी गेलो तेव्हाच नव्हती’ असे म्हणायचे, हे मास्तरांनी वारज्याहून निघालेल्या बसमध्ये, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला ठरवून टाकले. सिग्नल बराच मोठा असतो.

सभेच्या दाराशी पाटी होती : ‘व्याख्यानानंतर प्रश्न विचारावेत. मते घरी सांगावीत.’ मास्तर मधल्या रांगेत कडेला बसले. गुंडाळी दोन गुडघ्यांत उभी धरली. सभागृहात नेहमीची मंडळी होती : निवृत्त झालेली, स्वेटर घातलेली, आणि कोणत्याही विषयावर आपण आधीच लिहिले आहे असा चेहरा केलेली. मागच्या दोन रांगांत वक्त्याच्या ऑफिसातली मुलेमुली मोबाइल उभे धरून बसली होती.

वक्ता तिशीचा, वाशीमकडचा, सावळा, हसरा. त्याचा राग यावा असे मास्तरांनी घरून ठरवून आणले होते. पण तो व्यासपीठावर आला तो आधी अध्यक्षबाईंच्या पाया पडला, मग खाली उतरून पहिल्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या पडला. माइकवर म्हणाला, “हॅलो एव्हरीवन. म्हणजे, नमस्कार. मी इतिहासाचा माणूस नाही, मी टेस्टिंगचा आहे. चुका शोधायचा पगार घेतो.” मंडळी हसली. तो गेली दोन वर्षे दर रविवारी मोटारसायकलवर निघत होता. नकाशावर ज्या गावाच्या नावापुढे एकही फोटो नाही, त्या गावी जायचे, एवढाच त्याचा नियम. मास्तरांना वाटले, हे आपण मोबाइल न घेता केले आणि दीडशे रुपये पगारवाढीवर केले. पण राग काही येईना.

“आणि ज्यांच्यामुळे हे सगळं पॉसिबल झालं,” तो म्हणाला, “ते इथं आलेत. बारवेचे मालक, बापूरावकाका खोमणे. काका, या ना वर.”

पहिल्या रांगेतून एक साठीचा, पांढऱ्या टोपीचा गृहस्थ उठला. अध्यक्ष पद्मजाबाईंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तो सभेकडे वळला, नमस्कार केला, आणि नमस्कार करता करता त्याची नजर मधल्या रांगेतल्या छत्रीच्या कव्हरावर थांबली. मास्तर खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले.

सात ओळी योगेशने सुरेख वाचल्या. एकदोन ठिकाणी तर मास्तरांपेक्षा चांगल्या. मग पडद्यावर दगडाचा खालचा भाग मोठा करून दाखवला. ब्रशचे ओरखडे साफ दिसत होते, तिरपे, सहा-सात, मास्तरांच्या उजव्या हाताच्या वळणाचे.

“आठवी ओळ कुणीतरी घालवलीय,” योगेश म्हणाला. “नॅचरल झीज नाही ही. तर आता एक छोटा पोल घेऊ या. कुणी केलं असेल?”

सभेला असा प्रश्न कोणी विचारत नसे. सभा उत्तरे घेऊनच येत असे.

“परचक्र!” एक स्वेटर म्हणाला.

“छे हो. नंतरच्या राजवटीनं. दान रद्द करायचं असलं की पहिली ओळ नाही, शेवटची खोडायचे. मी यावर लिहिलंय.”

“पंथीय वैर आहे हे. सरळ आहे.”

“साहेब, तुम्ही प्रत्येक ठिकाणी पंथीय वैर काढता. परवा सोसायटीच्या मीटिंगलाही काढलंत.”

हशा पिकला. आपल्या उजव्या हाताने एकाच वेळी तीन राजवटींचे काम केले आहे, हे मास्तरांना नव्यानेच कळत होते.

“ऑल राँग,” योगेश म्हणाला आणि त्याने पुढचे चित्र लावले.

पडद्यावर एका म्हातारीचा फोटो आला. मतदान ओळखपत्रावरचा असावा, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे मिटता मिटता काढलेला. खाली लिहिले होते : ‘कै. विमलाबाई खोमणे. स्थानिक माहितीनुसार या दगडावर त्या वर्षानुवर्षे धुणे घासत.’

“म्हणजे बघा,” योगेश म्हणाला, “सातशे वर्षं कुणी काही केलं नाही, आणि शेवटी...”

“साबण लावून इतिहास धुतला!” पद्मजाबाई माइकशिवाय म्हणाल्या, आणि सगळे सभागृह हसले. मागच्या रांगेतली मुलेही हसली. हसण्यात वाईट काही नव्हते. माणसे चांगलीच होती, फक्त फोटोतल्या बाईला कोणी ओळखत नव्हते. बापूराव मांडीवरच्या नारळाची शेंडी नीट करत होता.

मास्तरांचा हात वर गेला. तो कोणी वर केला, ते त्यांनाही कळले नाही.

“विचारा,” पद्मजाबाई म्हणाल्या. “प्रश्न हं. थोडक्यात.”

मास्तर उभे राहिले. गुडघ्यांतली गुंडाळी कलली, दुधाची पिशवी खाली पडली. सांगायचे वाक्य फार मोठे नव्हते. चार शब्दांत बसत होते.

“दगडाची...” मास्तर म्हणाले. “दगडाची उंची किती आहे?”

“दोन फूट चार इंच, सर.”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले आणि बसले.

चहाच्या वेळी ते पेला घेऊन जिन्याखाली उभे होते, तिथे बापूराव त्यांना शोधत आला. शाल अजून खांद्यावर होती.

“वळखलं का, मास्तर?”

“ओळखलं.”

“तुमचा आरसा हाय माज्याकडं. दाढी त्याच्यातच करतो. वाईच डाग पडल्यात, पन त्वांड दिसतं.”

मास्तर पेल्यात बघत राहिले. मग म्हणाले, “विमलाबाई कधी गेल्या?”

“दोन वर्सं झाली दिवाळीला.”

“बापूराव, त्यांचं नाव का सांगितलंस?”

“मग कुनाचं सांगायचं?” बापूराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. “ह्ये पोरगं दर आयतवारी यायचं, काका, कुनी केलं, काका, कुनी केलं. भलं पोरगं हाय. किती दिस न्हाई म्हनायचं? तुमचं सांगितलं असतं, तर तुमाला हितं ह्या लोकांत ऱ्हायचंय. आईला आता कोन काय बोलनार? ती हाय कुठं ऐकायला?”

“त्या धुणं धुवायच्या तिथं?”

“बारवंवर?” बापूरावने त्यांच्याकडे असे पाहिले, की शाळेत एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो. “आमच्यात त्या पान्याला पाय लावत न्हाईत. आई तर चप्पल वरच्या पायरीलाच काढायची. घागर बी उजव्या हातानं बुडवायची.” त्याने खांद्यावरची शाल सारखी केली. “हसली लोकं. हसू द्या. शिकल्याली हाईत.”

मास्तरांनी पेला खिडकीत ठेवला आणि ते थेट योगेशकडे गेले. योगेशभोवती फोटो काढणाऱ्यांचा घोळका होता. मास्तर घोळक्यात शिरले.

“ती आठवी ओळ मी घालवली,” ते म्हणाले.

“सर!” योगेश वाकून पाया पडला. “बोला ना सर.”

“सत्याऐंशी साली. मी तिथं गेलो होतो.”

“सत्याऐंशी! ग्रेट, सर. म्हणजे तुम्ही तिसरे. ते ग्रे स्वेटरवाले सर म्हणतात, त्यांनी अठ्ठ्याहत्तरला पाहिलाय. आणि अजून एक सर आहेत, ते तर सदुसष्ट म्हणाले.”

“मी पाहिला नाही. मी मोडला.”

“असं मनाला लावून घेऊ नका, सर,” योगेश अतिशय प्रेमाने म्हणाला. “आपण सगळ्यांनीच वारसा असा घालवलाय. मी स्लाइडमध्ये टाकणार होतो हे, वेळ नव्हता.” त्याने मोबाइल काढला. “सर, पेपर एप्रिलमध्ये येतोय. ऋणनिर्देशात तुमचं नाव टाकू का? मला खूप आवडेल. काय नाव म्हणालात?”

काखेत गुंडाळी होती. ती उलगडायला अर्धे मिनिट लागले असते. तिथेच तारीख होती, सही होती, आणि सही करणारा माणूस दहा पावलांवर नारळ घेऊन उभा होता. माणसाची परीक्षा घ्यायची, तर याहून सोपा पेपर काढणे कठीण.

“उकिडवे,” मास्तर म्हणाले. “गो. वि. उकिडवे.”

इतकेच नव्हे, तर ‘गो’नंतर टिंब आहे ना, ते त्यांनी वाकून बघून घेतले.

“काय झालं?” दार उघडता उघडता सुनीतीबाईंनी विचारले. “सांगितलंत?”

“नाव येणार आहे. ऋणनिर्देशात.”

“कुणाचं ऋण?”

मास्तरांनी त्यावर पेपर उघडला नाही. ते स्टुलावर चढले. माळ्यावरून डबा काढला, झाकण उघडले, कापूस बाजूला केला आणि डबा सुनीतीबाईंपुढे धरला. मग उभ्याउभ्याच सगळे सांगितले, मुख्याध्यापकांच्या घड्याळापासून ऋणनिर्देशाच्या टिंबापर्यंत. सुनीतीबाईंनी खपलीला हात लावला नाही. कापूस तेवढा पुन्हा नीट सारला आणि झाकण लावले.

“उद्या दशम्या किती करू?” त्यांनी विचारले.

सकाळी स्वारगेटला कंडक्टरने त्यांचे कार्ड पाहिले. पंचाहत्तरीनंतर सरकार एसटीत पैसे घेत नाही. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला हे जरा अपमानासारखेच वाटते.

“कुठं, बाबा?”

“तांबखडे.”

“काय हाय तिथं?”

“काही नाही.”

“मग कशाला जाताय?” म्हणत त्याने शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले.

तांबखड्याच्या फाट्यावर आता निळा फलक लागला होता, ‘यादवकालीन बारवेकडे’. बारवेच्या तोंडाशी दुसरा, मोठा. सात ओळींचे वाचन, खाली योगेशचे नाव, आणि सगळ्यांत शेवटी : ‘आठवी ओळ कै. विमलाबाई खोमणे यांच्या धुण्यामुळे नष्ट झाली आहे. कृपया येथे धुणे धुऊ नये.’

बापूराव शेतातून आला, तोवर दुपार कलली होती. त्याला आश्चर्य वाटल्यासारखे दिसले नाही. मास्तरांनी फलकाकडे बोट केले. “हे मी काढायला लावणार आहे. त्या मुलाला पत्र लिहिणार आहे. सगळं.”

“लिवा की,” बापूराव म्हणाला. मग फलकाकडे जरा वेळ बघत राहिला. “तसं बगितलं, तर आईचं नाव कुठंच लिवल्यालं न्हवतं, मास्तर. सात-बाराला न्हाई, घराच्या उताऱ्याला न्हाई. ह्येच काय ते.”

मास्तरांनी चपला वरच्या पायरीला काढल्या आणि भिंत धरत धरत खाली उतरले. गुडघे नको म्हणत होते, तरी दगडापुढे उकिडवे बसले. डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि खपली आठव्या ओळीच्या सुरुवातीला लावली. कुठेही फट राहिली नाही. अडतीस वर्षे जणू तिची जागा कोणी धरून ठेवली होती. मात्र अंगठा काढला की ती सुटत होती.

“बापूराव, उजेड.”

बापूरावने शर्टाच्या खिशातून आरसा काढला. आणलाच होता. वरच्या पायरीवरून डाग पडलेला कवडसा भिंतीवर फिरला, चुकला, परत आला आणि मास्तरांच्या अंगठ्यापाशी थांबला. दोन अक्षरे उठून दिसली. त्यांच्यापुढे ओरखडे.

“काय हुतं तिथं?” वरून बापूरावने विचारले. “तवा बी सांगितलं न्हाई तुमी.”

मास्तरांनी ओळ वाचली. दोन अक्षरे दगडावरची, बाकीची पाठ होती तशी.

“म्हंजी बाई हुती?”

“बाई होती.”

“आणि बारव तिची?”

“तिचीच.”

कवडसा जरासा हलला, मग पुन्हा जागेवर आला. फाट्यावरून हॉर्न ऐकू आला, एकदा, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. अडतीस वर्षांत एसटीने तिकिटाचे यंत्र बदलले, गाड्यांचे रंग बदलले, पण तांबखड्याची परतीची वेळ काही बदलली नव्हती.

“मास्तर, गाडी.”

“आरसा हलवू नकोस,” मास्तर म्हणाले.

गाडी गेल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. पाण्यावर पडलेला उजेड भिंतीवर थरथरत होता. मास्तर अंगठा दाबून तसेच बसून होते.